मंडईचे छप्पर कोणासाठी? १८८६ मधील दोन बाजारांची गोष्ट

१.
पुण्याच्या मंडईला महात्मा फुले यांचे नाव आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही त्यांचेच नाव आहे. महाराष्ट्रातील दोन सर्वांत प्रसिद्ध छपराखालच्या बाजारांवर एकाच माणसाचे नाव कोरलेले असावे, यात काही नवल वाटत नाही. नवल पुढेच आहे. पुण्याची मंडई बांधण्याची कल्पना नगरपालिकेपुढे आली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. हा धागा त्या विरोधाचा आहे. मंडई उघडली त्याच वर्षी वऱ्हाडात सुरू झालेल्या दुसऱ्या एका बाजाराचाही आहे.

२.
या धाग्यात एक वाटसरू आहे. अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुक्यातून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात आलेला विद्यार्थी. इतिहास हा त्याचा परीक्षेचा विषय, आणि परीक्षेपलीकडचाही. त्याच्यासारखे हजारो विद्यार्थी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्यात उतरतात, पेठांमधल्या खोल्यांत राहतात आणि रविवारी जुने शहर पायांखाली घालतात. अशाच एका रविवारी तो मंडईत गेला. त्याला पडलेले प्रश्न पुणेकराला सहसा पडत नाहीत, कारण त्याच्या डोळ्यांत दुसरा बाजार होता.

३.
तो दुसरा बाजार म्हणजे गावचा आठवडी बाजार. भातकुलीचा परिसर पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. विहीर खणली तरी पाणी खारट लागते. ते पिण्याच्या उपयोगाचे नसते आणि पिकाला देणेही अवघड. त्यामुळे शेती बहुतांशी पावसावर. कपाशी, तूर, मूग, हरभरा. भाजीपाला थोडा, आणि जो पिकतो तो बहुधा पिकवणारेच पोत्यावर मांडून बसतात. बाजाराला भिंत नाही, दार नाही, छप्पर नाही. पाऊस आला की बाजार मोडतो.

४.
म्हणून हा प्रदेश इतिहासाबाहेरचा आहे, असे नाही. परंपरा भातकुलीला रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याच्या भोजकटाशी जोडते. परंपरा बाजूला ठेवली तरी ‘भोजकट’ हे नाव खरेखुरे राज्यविभागाचे नाव होते, याला ताम्रपटाचा आधार आहे. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख येतो. तो काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा. पेठांचे पुणे वसण्याच्या कितीतरी आधीचा.

५.
भातकुलीकराला ‘मोठा बाजार’ म्हटले की अमरावती आठवते. या शहराला सुमारे सव्वादोन मैल घेराचा आणि २० ते २६ फूट उंचीचा दगडी परकोट आहे. त्याचे काम निजामाच्या राजवटीत, १८०७ च्या सुमारास सुरू झाले. परकोटाला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. किल्ला नव्हे, राजवाडाही नव्हे. पेंढाऱ्यांपासून श्रीमंत व्यापाऱ्यांचे संरक्षण व्हावे म्हणून घातलेली ही भिंत. एका दरवाजाचे नावच भुसारी, म्हणजे धान्याच्या व्यापाऱ्यांचे. बाजारासाठी शहराला कुंपण घातल्याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळाच.

६.
त्या कुंपणाआड काय जपायचे होते? मुख्यतः कापूस आणि त्यातून आलेला पैसा. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून देशभर जाई. १८४२ मध्ये अमरावतीच्या एकट्या व्यापाऱ्याने १ लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे रवाना केला, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. भिंतीच्या आत सावकार, आडते, दलाल. कापूस पिकवणारा मात्र भिंतीबाहेरच्या काळ्या मातीत. बाजाराला आत आणि बाहेर असे दोन भाग असतात, हे वऱ्हाडच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

७.
आता पुण्याकडे. पेशवाई संपल्यानंतरच्या पुण्यात भाजीचा मोठा बाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणावर भरत असे. जिथे एके काळी सरदारांचे घोडे थांबत, तिथे वांगी आणि मेथीच्या जुड्या. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. नासक्या भाजीचे ढीग. वाढत्या शहराला हा बाजार अडचणीचा वाटू लागला, आणि त्याला छपराखाली नेण्याची योजना आकार घेऊ लागली. जागा ठरली शुक्रवार पेठेत.

८.
१८८६ मध्ये नवा बाजार उघडला. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तो ‘रे मार्केट’ झाला. लोकांनी मात्र त्याला मंडईच म्हटले. मध्ये उंच अष्टकोनी मनोरा, त्याभोवती पसरलेले दालनांचे पंख, टोकदार कमानी. ही गॉथिक शैली युरोपातील चर्चची. तिच्या सावलीत पुण्यात कांदे-बटाटे विकले जाऊ लागले. पुढे काही काळ नगरपालिकेचा कारभारही याच इमारतीतून चाले. खाली भाजी, वर शहराचे राजकारण.

९.
भातकुलीचा विद्यार्थी आत शिरला तेव्हा पहिली जाणीव झाली ती गारव्याची. बाहेर ऊन रणरणत होते. आत उंच छपराखाली हवा खेळत होती. विक्रेते उंच ओट्यांवर बसलेले, भाजीच्या उतरंडीमागे निम्मे झाकलेले. गिऱ्हाईक खाली उभे. गावाकडे हे उलटे असते. विकणारा जमिनीवर पोते टाकून बसतो आणि घेणारा वाकून भाव विचारतो. इथे विकणाऱ्याकडे मान वर करून पाहावे लागत होते. त्याला हे फार आवडले.

१०.
त्याने वडिलांना फोन लावला. दीडशे वर्षांच्या घरात पोचलेली इमारत, दगडी मनोरा, वर्षभर न मोडणारा बाजार, सगळे सांगितले. पलीकडे काही क्षण शांतता. मग वडिलांनी एकच विचारले : “ज्यानं पिकवलं थोच इकाले बसते का रे बाबू तेथी?” विद्यार्थ्याकडे उत्तर नव्हते. त्याने मनोऱ्याची उंची विचारात घेतली होती, कमानींची शैली ओळखली होती. ओट्यावर बसलेला माणूस कोण, हे त्याच्या मनातही आले नव्हते.

११.
हा प्रश्न मंडईइतकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकात जगभरच्या जुन्या शहरांत उघड्यावरचे बाजार छपराखाली जात होते. पॅरिसमध्ये व्हिक्टर बाल्तार या वास्तुशिल्पीने लोखंड आणि काचेची ‘ले आल’ ही विशाल मंडई १८५० च्या दशकापासून उभी केली. कारणे सगळीकडे साधारण तीच : रोगराईची भीती, रस्त्यांवरची गर्दी, आणि पालिकेला मिळणारे हमखास भाडे. छप्पर म्हणजे स्वच्छता. छप्पर म्हणजे शिस्त. छप्पर म्हणजे उत्पन्नही.

१२.
मुंबईत हे काम पुण्याच्या आधी झाले. शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाचा बाजार १८६९ मध्ये पूर्ण झाला. आराखडा विल्यम इमर्सन यांचा. प्रवेशद्वारांवरची दगडी शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंग यांच्या वडिलांची. या शिल्पपटांत शेतात राबणारी भारतीय माणसे आहेत. शेतकरी दारावर, दगडात. आत गाळ्यावर मात्र व्यापारी. शिल्पकाराच्या मनात असे काही नसेलही. पण पाहणाऱ्याला ते दिसल्यावाचून राहत नाही.

१३.
मुंबईच्या त्या वैभवात वऱ्हाडचा वाटा होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. भारतीय कापसाचे भाव चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले होते. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. बैलांचे तांडे मागे पडले. कापूस आता काही दिवसांत बंदरात जाऊ लागला, आणि लिव्हरपूलचा भाव बडनेऱ्याला कळू लागला.

१४.
आता जोतीरावांचा विरोध. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. सरकारनियुक्त सदस्याने सरकारच्या इच्छेला मान डोलवावी, असा रिवाज. जोतीरावांनी तो पाळला नाही. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी १,००० रुपये खर्च करण्याचे ठरले. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोध नोंदवला.

१५.
मंडईच्या बाबतीतही त्यांची भूमिका तीच होती. प्रश्न असा नव्हता की बाजार घाणेरडा राहावा की स्वच्छ व्हावा. प्रश्न असा होता की नगरपालिकेच्या तिजोरीत पैसा मर्यादित असताना पहिला हक्क कोणाचा? दगडी मनोऱ्याचा, की शाळेची पायरी न चढलेल्या मुलांचा? याच सुमारास, १८८२ मध्ये, त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडे वळतो, हा त्यातील मुख्य मुद्दा. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी.

१६.
इथे एक गैरसमज टाळायला हवा. जोतीराव बांधकामाच्या किंवा व्यापाराच्या विरोधात नव्हते. ते स्वतः कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणासारख्या कामांशी त्यांच्या व्यवसायाचा संबंध होता. घराण्याचे ‘फुले’ हे आडनावच फुलांच्या व्यवसायातून आलेले. वडील गोविंदराव भाजी विकत. म्हणजे नगरपालिकेच्या त्या सभागृहात भाजीबाजार ज्याने घरातून पाहिला होता, असा माणूस मंडई नको म्हणत होता. मळा, माळवे, दलाल आणि गिऱ्हाईक ही साखळी त्याला ऐकून नव्हे, जगून ठाऊक होती.

१७.
त्याच वर्षांत ते ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. त्यातला शेतकरी माल घेऊन शहराकडे येतो तेव्हा वाटेत त्याला किती हात अडवतात, याचे चित्र जोतीराव उभे करतात. शहराच्या वेशीवर जकात, बाजारात दलाल, कचेरीत लाच. शहर सुंदर करणारा पैसा याच वाटेने गोळा होत असेल, तर शहराच्या नव्या इमारतीचा खरा दाता कोण? विरोधाचे मूळ इथे शोधावे लागते. तो केवळ काटकसरीचा मुद्दा नव्हता.

१८.
तरीही मंडईची बाजू ऐकायला हवी. छपरामुळे पाऊस आणि ऊन यांपासून माल वाचला. विक्रेत्याला ठरलेली जागा मिळाली. रोज पहाटे जागेसाठी भांडावे लागले नाही. बायकांना वर्षानुवर्षे एकाच ओट्यावर बसून व्यवसाय करता आला, आणि काही घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. मंडईभोवती तालमी वाढल्या, गणेशोत्सव वाढला, कष्टकऱ्यांची एक ठसठशीत संस्कृती वाढली. इमारत चुकीची होती, असे इतिहास म्हणत नाही. आधी काय बांधावे, हा प्रश्न मात्र तो खोडूनही टाकत नाही.

१९.
१८८६ हे वर्ष इथे पुन्हा आठवावे. पुण्यात रे मार्केट उघडले त्याच वर्षी वऱ्हाडात कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. त्यामागे हैदराबादच्या रेसिडेन्सीचा हुकूम होता, कारण वऱ्हाडचा कारभार तेव्हा हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटमार्फत चाले. शेतमालाच्या नियंत्रित बाजाराचा भारतातील हा पहिला प्रयोग मानला जातो. आज गावोगावी ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या दिसतात, त्यांचा उगम कारंजात आहे.

२०.
पुण्याच्या बाजाराला दगडाचे छप्पर मिळाले. कारंजाच्या बाजाराला कायद्याचे. कायद्याचे छप्पर का लागले, ते समजण्यासाठी जुना व्यवहार पाहावा. शेतकरी बैलगाडीत कापूस भरून येई. आडत्याच्या दारात दोन व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटे दाबून भाव ठरवीत. ही ‘हत्ता’ पद्धत. ज्याचा कापूस, त्यालाच भाव ऐकू येत नसे. मग वजनात ‘कडता’, म्हणजे ओलावा आणि कचऱ्याच्या नावाने कपात. वरून आडत, हमाली, तोलाई. गाडी रिकामी झाल्यावर भाव पाडला तरी कापूस परत भरून नेणार कोण?

२१.
नियंत्रित बाजाराने ठरावीक आवार दिले, ठरावीक माप दिले, परवानाधारक आडते दिले आणि वसूल करायच्या खर्चावर मर्यादा घातली. हे सगळे शेतकऱ्याच्या कळवळ्याने झाले असे मात्र नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस वाजवी दरात हवा होता, आणि त्यासाठी बाजार शिस्तीत आणणे गरजेचे होते. वऱ्हाडातल्या बाजाराची दुरुस्ती सात समुद्रांपलीकडच्या खरेदीदाराच्या सोयीने झाली. तिचा काही लाभ गाडीवानालाही मिळाला, इतकेच.

२२.
१८९७ मध्ये ‘बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ’ आला आणि वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांना एक चौकट मिळाली. पण बाजार चालवणाऱ्या समित्यांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व राहिले. कापूस पिकवणारा गाडीजवळच उभा राहिला. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजारांची शिफारस केली. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. समितीच्या टेबलापर्यंत शेतकऱ्याची खुर्ची पोचायला अशी कित्येक दशके गेली.

२३.
म्हणजे १८८६ मध्ये मराठी मुलखात दोन बाजार एकाच वेळी बदलले. एकाचा चेहरा शहरी, दुसऱ्याचा ग्रामीण. एकाने घेणाऱ्याला चिखलापासून वाचवले, दुसऱ्याने घेणाऱ्याला भेसळीपासून. दोन्हीकडे पहिला विचार घेणाऱ्याचा झाला. पिकवणारा दोन्ही चित्रांत आहे, पण कडेला. भातकुलीच्या वडिलांनी फोनवर विचारलेला प्रश्न नेमका या कडेवरून आलेला होता.

२४.
मंडईच्या नावाची कथाही सरळ नाही. १९२४ मध्ये रे मार्केटच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला. त्याचे अनावरण मोतीलाल नेहरू यांनी केले. पुढच्या वर्षी पुण्यात जोतीरावांचा पुतळा व्हावा, अशी मागणी सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीतील तरुणांनी लावून धरली. नगरपालिकेत ती मान्य झाली नाही. वाद चिघळला. दिनकरराव जवळकर यांचे ‘देशाचे दुश्मन’ हे जळजळीत पुस्तक १९२५ मध्ये निघाले. प्रकाशक होते केशवराव जेधे.

२५.
पुस्तकावर खटला झाला. खालच्या न्यायालयात शिक्षा झाली, अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडली आणि आरोपी सुटले. पुतळ्याला जागा न देणाऱ्या याच शहराने पुढे एक वेगळा निर्णय घेतला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना रे मार्केटचे ‘महात्मा फुले मंडई’ असे नामकरण झाले. गव्हर्नरचे नाव उतरले आणि भाजी विकणाऱ्याच्या मुलाचे नाव चढले.

२६.
हा सन्मान होता की विरोधाची आठवण पुसणे? दोन्ही अर्थ लावता येतात. बहुजन कष्टकऱ्यांच्या सर्वांत गजबजलेल्या जागेला त्यांचे नाव मिळाले, हे उचितच होते. पण नाव इतके सवयीचे झाले, की त्या नावाच्या माणसाने या इमारतीविषयी काय म्हटले होते ते कोणी विचारीनासे झाले. नामफलक स्मरण करून देतो तसा कधी कधी विस्मरणही घडवतो. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला तेच नाव दिल्यावर तर योगायोग दुप्पट झाला.

२७.
काळाने मंडईचे कामही बदलले. पुण्याचा घाऊक भाजीबाजार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मंडई किरकोळ विक्रीची जागा उरली. पॅरिसच्या ‘ले आल’चेही असेच झाले, पण शेवट वेगळा. १९६९ मध्ये तिथला घाऊक बाजार शहराबाहेर रंजिस येथे हलला, १९७१ पासून लोखंड-काचेचे मंडप पाडले गेले आणि त्या जागी १९७९ मध्ये जमिनीखाली शॉपिंग सेंटर उघडले. पुण्याची इमारत मात्र वाचली. तिच्याजवळ आता मेट्रोचे भूमिगत स्थानक आहे. २०२४ मध्ये ते सुरू झाले.

२८.
विद्यार्थी दुसऱ्यांदा मंडईत गेला तो मनोरा पाहण्यासाठी नव्हे. एका ओट्यावरच्या मावशींकडून त्याने पावशेर मिरच्या घेतल्या आणि भीत भीत विचारले, माल कुठून येतो. पहाटे मार्केट यार्डातून, त्या म्हणाल्या. आधी सासूबाई बसायच्या, आता त्या बसतात. शेत? शेत कधीच नव्हते. संध्याकाळी त्याने हे घरी सांगितले. वडील म्हणाले, “मंग थे बी इकतच आनते.” त्यात तक्रार नव्हती. आपल्यासारखीच ओझे उचलणारी आणखी एक कष्टकरी साखळीत आहे, हे कळल्याचा तो स्वर होता.

२९.
पिकवणारा आणि खाणारा यांच्यामधले अंतर कमी करण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी आली आणि काही दशकांनी मावळली. २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. शहरांत शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरू लागले. प्रत्येक वेळी नवे छप्पर, आणि प्रत्येक वेळी तपासण्याची गोष्ट तीच : त्याखाली जागा कोणाला मिळाली आणि भाडे कोणी भरले.

३०.
जोतीरावांच्या प्रश्नाची दुसरी बाजू मंडईपासून चालत काही मिनिटांवर आहे. बुधवार पेठेतील भिडे वाडा. इथे १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. मंडईचा दगडी मनोरा आजही ताठ उभा आहे. भिडे वाडा मात्र वर्षानुवर्षे ढासळत राहिला, न्यायालयात अडकला, आणि स्मारक उभारण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये उतरवला गेला. बाजार टिकला, शाळा पडली. नगरपालिकेच्या सभागृहात मांडलेला तो युक्तिवाद शहराच्या नकाशावर असा वाचायला मिळतो.

३१.
इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी पुण्यातील एक सकाळ : प्रथम भिडे वाड्याची जागा, मग मंडई, मग गंज पेठेतील फुले वाडा. सारे अंतर पायी सहज होण्यासारखे आहे. मंडईत मनोरा जरूर पाहावा, पण ओट्यावरच्या माणसाशीही दोन शब्द बोलावे आणि पिशवीत काहीतरी विकत घ्यावे. वऱ्हाडकडे जाणे झाले तर अमरावतीच्या परकोटाचे दरवाजे पाहावे, आणि हंगामात कारंजाच्या बाजारात कापसाच्या गाड्यांपाशी थोडा वेळ उभे राहावे. भाव मोठ्याने पुकारला जातो की नाही, हे कान देऊन ऐकावे.